ध्रुवीय प्रकाश आणि एक अडकलेला फिल्टर

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, बघायला कुठं जायचं, कधी जायचं आणि त्याचा फोटो कसा काढायचा, हा आजचा विषय. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी रेडिओ बंद केला तरी माझं काम झालेलं असेल. लेन्सच्या तोंडावर संरक्षणासाठी म्हणून एक काचेचा फिल्टर बसवलेला असतो ना, तो काढा. घरून निघतानाच काढा. का, ते पुढे येईलच. खरं तर तेच सांगायला मी आलोय.

आधी कुठं ते बघू. जितकं ध्रुवाजवळ जावं तितका अरोरा जास्त, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाहीये. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती याचं बांगडीसारखं एक कडं असतं आणि आपण त्या कड्याखाली जाऊन उभं राहायचं असतं. उत्तर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा वरचा भाग, आइसलंड, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग ही सगळी त्या कड्याखालची नाहीतर त्याच्या काठावरची ठिकाणं. कधी जायचं? ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. उन्हाळ्यात नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. अरोरा तेव्हाही असतो, पण भर उजेडात दिसणार कसा?

आता दुसरी महत्त्वाची गोष्ट. ढग. आधी ढगांचा अंदाज बघा, बाकी सगळं नंतर. अरोराची खालची कड जमिनीपासून साधारण १०० किलोमीटर उंच असते. ढग फार तर दहा-बारा किलोमीटरपर्यंत. म्हणजे वर कितीही आतषबाजी चालू असली तरी मध्ये पडदा ओढलेला. लोक मात्र के-पी नावाचा आकडा धरून बसतात. शून्य ते नऊ असा हा चुंबकीय हालचालीचा मापक आहे आणि लोक तो परीक्षेच्या निकालासारखा दर पाच मिनिटांनी फोनवर बघतात. अहो, ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी आकाश मोकळं असेल तर दोन-तीनसुद्धा पुरतो. आणि आठ असून ढग असतील तर त्या आठाचं काय लोणचं घालायचंय? शिवाय बऱ्यापैकी खात्रीची सूचना मिळते ती तासाभराचीच. सूर्याच्या दिशेला, १५ लाख किलोमीटरवर उपग्रह ठेवलेत. सौरवारा, म्हणजे सूर्यावरून येणारा विद्युतभारित कणांचा झोत, आधी त्यांना लागतो आणि मग अर्ध्या ते एक तासानं आपल्याला. म्हणून पुन्हा सांगतो, आधी ढग, मग के-पी.

हे १०० किलोमीटर मोजले कुणी? कार्ल स्टोर्मर नावाच्या नॉर्वेजियन गणितज्ञानं, १९१० मध्ये, उत्तर नॉर्वेतल्या अल्टाजवळच्या बोसेकोप गावी. दोन कॅमेरे एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर, मध्ये टेलिफोनची तार. फोनवरून इशारा द्यायचा आणि दोन्हीकडे एकाच क्षणी फोटो घ्यायचा. दोन्ही फोटोंत तारे जागच्या जागी, अरोरा मात्र जरा सरकलेला. त्या सरकण्यावरून उंची काढायची. याच बोसेकोपला १८९२ मध्ये मार्टिन ब्रेंडेल या जर्मन माणसानं अरोराचा पहिला फोटो घेतला होता. आणि अल्टाजवळच्याच एका डोंगरावर वेधशाळा बांधून क्रिस्तियान बिर्केलान यांनी सूर्यावरून येणारे विद्युतभारित कण आणि अरोरा यांचा संबंध शोधला. नॉर्वेच्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्यांचं चित्र होतं. होतं म्हणतो, कारण २०१७ मध्ये नवी नोट आली आणि तिच्यावर कॉड मासा आला. त्या देशाला माशानं जगवलंय हे मला मान्य आहे, तरी शास्त्रज्ञाला उठवून त्याच्या जागी मासा बसवणं काही मला पटलेलं नाही. असो.

तर मी गेलो ट्रॉम्सोला. मार्चमध्ये, बरोबर माझी आत्या. वय बहात्तर. तिला फोटोबिटो काही काढायचे नव्हते. तिकडचे मूळ रहिवासी, सामी लोक, यांच्या भाषेत अरोराला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'ऐकू येणारा प्रकाश' असा सांगतात, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. आणि तिच्या डोक्यात बसलं होतं की आपण तो ऐकायचा. "बघायला काय, चित्रात पण दिसतो," म्हणाली.

चार रात्री ढग. ट्रॉम्सो समुद्रकाठचं गाव, तिथं समुद्राचा उबदार प्रवाह येतो म्हणून इतक्या उत्तरेला असूनही बंदर गोठत नाही. पण तो प्रवाह ढगही घेऊन येतो. पाचव्या म्हणजे शेवटच्या रात्री आम्ही एका मिनीबसमध्ये बसलो. नऊ प्रवासी आणि एक चालक. गृहस्थ फारसे बोलणारे नव्हते. त्यांनी फोनवर ढगांचा नकाशा पाहिला, एकच शब्द उच्चारला, "फिनलंड," आणि गाडी काढली.

अडीच-तीन तासांचा रस्ता. फिओर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, काठाकाठानं शीबोट्न गावापर्यंत, मग दरीतून वर, सरहद्द ओलांडून फिनलंडमधलं किल्पिसयार्वी. डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवतात, म्हणून शीबोट्नपासून आतला भाग कोरडा. सरहद्द ओलांडली की घड्याळ एक तास पुढं जातं. आत्या म्हणाली, "म्हणजे हा तास गेला वाया. याचे पैसे परत मिळतात का विचार."

किल्पिसयार्वीचं तळं गोठलेलं होतं. उणे २४ अंश. नाकातला श्वास आतल्या आत कडक होतो आणि बर्फावर पाऊल टाकलं की कोरड्या पिठासारखा करकर आवाज येतो. वर मात्र एकूण एक तारा. मी तिपाई लावली, कॅमेरा चढवला, सगळं आधी पाठ केलेलं होतं. उत्तरेला क्षितिजाच्या जरा वर एक फिकट राखाडी पट्टा दिसत होता.

आत्या म्हणाली, "आला बघ ढग. पाचवी रात्र पण गेली."

चालक म्हणाले, "फोटो काढून बघा." मी दहा सेकंदांचा फोटो घेतला. पडद्यावर पट्टा हिरवागार! हे लक्षात ठेवा, श्रोतेहो. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. ढग की अरोरा अशी शंका आली तर एक फोटो घ्या. हिरवा आला तर अरोरा. (जाहिरातींतले गर्द हिरवे फोटो बघून जाणारे पहिल्या रात्री हिरमुसतात ते याच कारणानं. जाहिरातीत कुणी राखाडी पट्टा छापत नाही.)

मग पट्टा उजळला, वर चढला, त्याला चुण्या पडल्या, आणि आता नुसत्या डोळ्यांनाही हिरवा दिसायला लागला. मी फोटोमागून फोटो. वीसेक झाल्यावर पडद्यावर नीट पाहिलं, तर प्रत्येक फोटोच्या बरोबर मध्यभागी वर्तुळं. एकात एक, बारीक बारीक, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. आकाशात बघतो तर वर्तुळं नाहीत. फोटोत बघतो तर आहेत.

आता मी तुम्हाला काय सांगू माझ्या मनात काय आलं ते. डोळ्यांना न दिसणारं कॅमेऱ्याला दिसतं, हे नुकतंच शिकलो होतो. तेव्हा माझ्या मनात आलं की हा अरोराचा एक नवाच प्रकार आहे आणि तो पहिल्यांदा मी पाहतोय. बोसेकोप, ब्रेंडेल, स्टोर्मर आणि मग मी. मी तसं मोठ्यानं जाहीरही केलं. बाकीचे आठ जण गोळा झाले. एकानं माझ्या पडद्याचा फोटो काढून घेतला.

चालक आले. पडद्यावर पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या पुढं गेले आणि लेन्सच्या तोंडावर नखानं दोनदा वाजवलं. टक, टक. "काच काढा," म्हणाले, आणि बसमध्ये चहाचा थर्मास आणायला निघून गेले.

त्याचं असं आहे. अरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंचा, आणि तो अगदी एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटर. साध्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, म्हणून काही होत नाही. पण एकाच तरंगलांबीचा प्रकाश सपाट काचेच्या पृष्ठभागांवरून परतत राहिला की त्याच्या लाटा एकमेकींत मिसळून अशी कडी उमटतात. लेन्सची भिंगं वक्र असतात, फिल्टर सपाट. फिल्टर काढला की कडी गेली.

काढला की गेली! पण काढायचा कसा? थंडीनं धातू आकसलेला, फिल्टरचं कडं लेन्सवर असं घट्ट बसलेलं की जणू जन्मल्यापासून तिथंच आहे. जाड हातमोज्यात पकड मिळेना. मोजे काढले तर अर्ध्या मिनिटात बोटं बधिर. मग मी एक शहाणपणा केला. तोंडाच्या वाफेनं कडं गरम करावं म्हणून त्यावर दोन-तीन वेळा हुऽऽ करून फुंकलं. ती वाफ काचेवर बसली आणि बसल्या जागी गोठली. आता वर्तुळंही दिसेनात. काहीच दिसेना. मी लेन्स कॅमेऱ्यावरून काढली आणि कोटात काखेत धरून उभा राहिलो.

आणि नेमकं तेव्हाच आकाश फुटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तो पट्टा सरकत सरकत बरोबर डोक्यावर आला आणि तिथून चहूकडे किरण सुटले, छत्रीच्या काड्यांसारखे. खालच्या कडेला गुलाबी झालर, ती नायट्रोजनची, आणि ती झालर इतक्या वेगानं धावत होती की मान फिरवेपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचलेली. खालचा बर्फ हिरवा. माणसांचे चेहरे हिरवे. सगळे ओरडत होते. आणि आत्या बर्फात उताणी पडून म्हणत होती, "शूऽऽ! गप्प बसा रे सगळे! ऐकू द्या!"

तिचं कुणाला कळलं नाही, पण सगळे गप्प झाले. त्या शांततेत तळ्याचा बर्फ खालून कण्हत होता. लांबून सुरू होऊन पायांखालून जाणारा, दाराची जुनी बिजागरी वाजावी तसा आवाज. दोन-तीन मिनिटं चाललं हे सगळं. मग किरण विरले आणि आकाशभर फिकट ठिपके उघडझाप करत राहिले.

एवढ्यात थर्मास घेऊन आलेल्या चालकांनी आत्याचा फोन थर्मासच्या झाकणाला टेकवून बर्फावर ठेवला होता आणि तीन सेकंदांचा एक फोटो घेतला होता. तो फोटो उत्तम आलाय. वर हिरवी छत्री, खाली एक माणूस मान खाली घालून स्वतःच्या काखेत बघतोय. आमच्या घराण्यात तो फोटो न पाहिलेला कुणी उरलेला नाही.

इथं समोरच्या काचेतून मला दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं राहिली. भराभर सांगतो. तिपाई हवीच. लेन्स रुंद कोनाची, एफ २.८ म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी असेल तर छान. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, १६०० ते ३२००. फोटो किती वेळ घ्यायचा? अरोरा संथ असेल तर दहा-पंधरा सेकंद, नाचत असेल तर दोन ते पाच, नाहीतर चुण्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा चिखल येतो. फोकस हातानं, एखाद्या ठळक ताऱ्यावर, पडद्यावर तो तारा मोठा करून. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. फोकस जमला की रिंगवर चिकटपट्टी लावा. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, कारण थंडीत त्या बघता बघता उतरतात. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच पिशवीत घालून तोंड बंद करा, नाहीतर त्याच्यावर दव धरतं. बॅटरी, म्हणजे टॉर्च, लाल उजेडाची घ्या. पांढरा टॉर्च चमकवणाऱ्यांबद्दल मी रेडिओवर बोलू नये हेच बरं. मोजे दोन घट्ट घालण्यापेक्षा एकच जाड आणि सैल घाला, पाय आवळले की रक्त फिरत नाही आणि ते जास्त गारठतात. आणि फिल्टर काढा. घरूनच निघताना काढा.

माझा फिल्टर पहाटे हॉटेलच्या न्हाणीघरात निघाला. मी नुसतं बोट लावलं आणि तो फिरला.

परतीच्या वाटेवर बसमध्ये मी आत्याला विचारलं होतं, "मग, आला का आवाज?"

"आला की," म्हणाली. "अगदी स्पष्ट आला. 'निघ ना रे, निघ ना रे' असा. पुष्कळ वेळ येत होता."

नमस्कार.