कोयासान: डोंगराच्या पायथ्याशी थांबलेली आई

मंडळी, आमच्या जपानच्या सहलीत कोयासान हा बौद्ध मठांचा डोंगर आला तो आईमुळे. एक रात्र तरी देवळात काढायची, हा तिचा हट्ट. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कारने पाच मिनिटांत वर, साधारण आठशे मीटर उंचीवर. आई, मी आणि माझी बारा वर्षांची लेक. आम्ही तिघी.

तिघी हे मुद्दाम सांगते, कारण १८७२ पर्यंत या डोंगरावर बायकांना बंदी होती. ८१६ साली सम्राटाने ही जागा कुकाई या बौद्ध भिक्षूंना दिली आणि इथे त्यांच्या शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ उभा राहिला. वर येणाऱ्या सात वाटा. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी न्योनिन्दो, म्हणजे बायकांसाठीचं छोटं देऊळ. बायकांनी तिथवर यायचं, हात जोडायचे आणि फार तर डोंगराच्या कडेकडेने फिरून जायचं. आज सातांपैकी एकच उरलंय. बस त्याच्या दारातच थांबते. आम्ही उतरलो. आई पायरीवर टेकली ती बराच वेळ उठेना. "इतकं चढून यायचं आणि इथूनच मागे फिरायचं?" एवढंच म्हणाली.

कुकाईंची स्वतःची आईसुद्धा वर जाऊ शकली नाही. मुलाला भेटायला ती लांबून आली आणि पायथ्याशीच राहिली. तिथे आता जिसोन-इन हे देऊळ आहे. कुकाई महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येत, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्या गावाचं नाव कुदोयामा, नऊ वेळांचा डोंगर. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकून टोचलं. मुलगा खाली आला, पण आईला वर नेलं नाही. शनिशिंगणापूरचा चौथरा आपल्याकडे २०१६ साली बायकांना खुला झाला, तेव्हा मी काही परक्यांना नावं ठेवत नाहीये. हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे, एवढंच.

मुक्काम मठातच होता. पहाटे गोमा असतो. अंधारं दालन, मधोमध कुंड, भिक्षू लाकडाच्या चपट्या समिधा एकेक करून आगीत सोडतो आणि शेजारी ढोल घुमतो. मंत्राच्या शेवटी दर वेळी एक शब्द यायचा, "सोवाका". तिसऱ्या-चौथ्या वेळी आईने माझा हात दाबला. "अगं, स्वाहा म्हणतायत!" गोमा म्हणजे आपला होमच. संस्कृत शब्द चीनमार्गे इथवर आले आणि जपानी जिभेवर असे वळले. आई पुढचा प्रत्येक स्वाहा त्यांच्याबरोबर पुटपुटत राहिली.

मग ओकुनोइन. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेले सुगी नावाचे देवदारासारखे वृक्ष आणि त्यांच्या सावलीत शेवाळलेल्या दोन लाखांहून जास्त समाध्या. वाटेच्या शेवटी कुकाई. ८३५ साली ते गेले असं इथे कोणी म्हणत नाही. ते ध्यानात बसलेत, असं मानतात. म्हणून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांना जेवण जातं. हे लेकीला समजावून सांगायला लागले, तर आईच म्हणाली, "आळंदीला माउली आहेत ना, तसं."

साडेदहाला पुलाजवळ उभ्या होतो. दोन भिक्षू पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन सावकाश येताना दिसले. आईने स्वेटरवरून पदर डोक्यावर घेतला, नातीला वाटेतून बाजूला ओढलं आणि पेटी पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात सोडला नाही.