आशीर्वादानंतर थांबा

श्रोतेहो, नमस्कार.

मराठी पवित्र शास्त्रात चर्चला शब्द आहे ‘मंडळी’. पौल करिंथच्या लोकांना पत्र लिहितो तेही तिथल्या देवाच्या मंडळीला. घरात आपण म्हणतो ना, ‘मंडळी जेवायला बसली’, तोच हा शब्द. मला तो फार आवडतो. मंडळी म्हटलं की माणसं डोळ्यांपुढे येतात, त्यांचे आवाज ऐकू येतात. आज या मंडळीबद्दलच बोलायचंय, आणि त्यासाठी तुम्हाला एका लिंबाची गोष्ट सांगते.

साल 1983. मी राहुरीकडची. नर्सिंग पुरं करून पहिल्या नोकरीला साताऱ्याला आले. वय तेवीस. भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह, एक ट्रंक. गावात ओळखीचं कुणी नाही. रविवारी उपासनेला मात्र जायची, कारण निघताना आईनं तेवढं एकच वचन घेतलं होतं. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायची. पाळकसाहेब शेवटचा आशीर्वाद द्यायला हात उचलायचे की मी चपला घालून बाहेर. कुणी ‘कुठल्या गं तू?’ विचारलं तर रडू येईल, ही भीती. असे चार महिने गेले.

नोव्हेंबरातला एक रविवार. रात्रपाळी संपवून मी तशीच देवळात गेले. (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) बघते तर पुढच्या टेबलावर लाल भोपळे, उसाची मोळी, ज्वारीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, पाटीखाली एक कोंबडी. हंगामाचा सण होता. शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवापुढे आणायचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करून पैसे मंडळीच्या कामाला द्यायचे. लहानपणापासून केलेला सण, पण रात्रपाळीच्या नादात मी साफ विसरले होते. हात रिकामे. पर्समध्ये फक्त एक लिंबू होतं. त्या पहाटे वॉर्डातून घरी निघालेल्या एका आजीनं पदराची गाठ सोडून ते माझ्या हातात ठेवलं होतं. ‘घ्या बाई, माझ्याकडं दुसरं काही नाही,’ म्हणाली होती. पिवळंधमक, एका बाजूला हिरवट डाग असलेलं. सगळे गाण्यात असताना मी पुढे गेले, ते भोपळ्यामागे ठेवलं आणि मागे येऊन बसले.

त्या दिवशी उठावं असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर पायांत त्राणच नव्हतं. आशीर्वाद झाला आणि लिलाव सुरू झाला. बोली पुकारायला एक निवृत्त पोस्टमन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. भोपळे गेले, ऊस गेला, कोंबडी गेली. मग मामांनी ते लिंबू उचलून उंच धरलं. ‘मंडळी, हे एक लिंबू! बोला!’ मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. ‘आठ आणे!’ ‘बारा आणे!’ ‘एक रुपया!’ एक वार, दोन वार, तीन वार. ज्यांनी घेतलं त्यांनी रुपया दिला, लिंबू पुन्हा टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘परत लावा.’ दुसऱ्यानं घेतलं, दोन रुपये. ‘परत लावा.’ मग एका शिक्षिकेनं. मग बागेतल्या माळ्यानं. श्रोतेहो, ते लिंबू तेरा वेळा विकलं गेलं. सत्तेचाळीस रुपये आले. माझ्याकडे त्या दिवशी एसटीच्या तिकिटापुरते पैसे होते.

तेराव्या वेळी ते घेतलं एका म्हाताऱ्या बाईंनी. नऊवारी, डोळ्यांवर जाड चष्मा. आत्याबाई म्हणत त्यांना. लिंबू मुठीत धरून त्या सरळ शेवटच्या बाकापाशी आल्या. ‘बाळ, ठेवताना पाहिलं मी तुला. चार महिने पाहतेय. आशीर्वादाच्या आत पळतेस. चल, सरबत करू.’

मागच्या खोलीत मोठ्या पातेल्यात पाणी, साखर, चिमूटभर मीठ, आणि ते एक लिंबू. वीस-बावीस माणसं प्यायली. लिंबाची चव शोधावी लागत होती. पण त्या पेल्यापाशी मला पाच जणींनी विचारलं, ‘कुठल्या गं तू?’ आणि मी रडले, आणि काही बिघडलं नाही. पुढे फेब्रुवारीत मला टायफॉइड झाला तेव्हा याच पाच जणींनी वार वाटून घेतले. सोमवारची पेज कुणाची, मंगळवारची कुणाची, सगळं ठरलेलं. आईला तार करायची वेळ आली नाही.

म्हणून सांगते, आशीर्वादानंतर थांबा. उपासना देवाशी जोडते, पण माणसं भेटतात ती नंतर, अंगणात.

हे माझ्या पदरचं नाही. पवित्र शास्त्रातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक काढून दुसरा अध्याय वाचा. पहिले विश्वासी मंदिरात एकत्र जमत, आणि घरोघरी भाकर मोडत. दोन्ही. मराठी शास्त्रात ‘भाकर’ हा शब्द आला, हे आपलं भाग्य. हातानं मोडल्याशिवाय भाकर वाटता येत नाही.

साताऱ्याचं नाव निघालंच आहे तर कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण काढते. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा गणगोत तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. आपली माणसं गमावणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. अखेरच्या काळात, 1917 मध्ये, त्यांनी साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा कुणीही त्यात यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं म्हणणारा हा माणूस. त्यांची भजनं आपण अजून गातो, पण हल्ली कीबोर्डवर इतकी पळवतात की शब्द कळतच नाहीत. पेटी आणि तबला पुरे. टिळकांचं भजन संथ म्हणावं, शेजारच्याचा आवाज ऐकू येईल असं. असो.

पुण्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. कुणाचं कुणी उरलं नव्हतं, त्या एकमेकींच्या झाल्या. गोव्यात वाड्यावरच्या क्रुसापाशी संध्याकाळी लदीन, म्हणजे गाऊन केलेली सामुदायिक प्रार्थना, होते आणि मग उकडलेले चणे वाटतात. प्रार्थना झाली की हातात काहीतरी खायला येतं, आणि माणूस आपोआप घुटमळतो.

आपल्या मंडळ्यांत सगळं छान आहे, असं मी म्हणणार नाही. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुऊन निघाली नाही, सोयरीक जुळवताना ती बरोबर वर येते. मला याचं फार वाईट वाटतं. एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचं आणि दुसऱ्या जातीत मुलगी द्यायची नाही, हे ख्रिस्तापुढे उभं राहून कसं सांगणार? हे बोललं पाहिजे, आणि तेही अंगणातच, समोरासमोर.

आत्याबाई 1991 साली गेल्या. मी आता मुद्दाम शेवटच्या बाकावर बसते, दाराच्या बाजूला. गेल्या महिन्यापासून एक मुलगा येतोय. कारखान्याचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. आशीर्वाद सुरू झाला की उठतो. परवा मी त्याची वाट अडवली. म्हटलं, ‘बाळ, चहा टाकलाय, दूध थोडं कमी आहे, चालेल ना?’

त्यानं हेल्मेट बाकावर ठेवलं.

नमस्कार.