हाफटाइमला बाहेर बसलेला मुलगा

(ह्यूस्टनच्या मराठी मंडळाच्या २०२५ च्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या शुभेच्छा.

कार्यकारिणीने मला दहा मिनिटं पालकत्वावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी वेगळंच भाषण लिहिलं होतं. कॉलेजचे अर्ज, सुट्टीतली कामं, मुलांचं मराठी. ते कागद घरी ठेवून आले आहे. गणपतीच्या आधी आमच्या घरात जे झालं, ते अजून माझ्या मनातून जात नाही. तुमच्यापैकी पुष्कळांना त्यातलं अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं मीच सांगते, मुलाची परवानगी घेऊन.

माझा मुलगा आपल्या पथकात तीन वर्षं ताशा वाजवतो. त्यातली दोन वर्षं पुढचा ताशा त्याचा. यंदा मिरवणुकीच्या दोन दिवस आधी, शेवटच्या सरावात, पाणी प्यायला मुलं थांबली आणि परत उभी राहिली तेव्हा पुढे दुसराच मुलगा होता. वयाने दोन वर्षांनी लहान. माझा मुलगा शेवटच्या रांगेत. कारण कोणी सांगितलं नाही. त्या लहान मुलाचा हात खरोखर स्वच्छ आहे, हे मला आज दिसतं. त्या संध्याकाळी दिसलं नाही.

पार्किंगमध्येच मी पथकाच्या मंडळींना गाठलं. काय बोलले ते इथे पुन्हा बोलणार नाही. त्यांची माफी मी मागितली आहे, आज तुमच्यासमोर पुन्हा मागते. गाडीत बसल्यावर मुलाला म्हटलं, उद्यापासून यायचं नाही इथे. कळू दे त्यांना. आपण आपलं वेगळं पथक काढू.

तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "आई, जेलन बसला होता ना बाकावर. त्याच्या आईने त्याला उचलून घरी नाही नेलं."

आमच्या घरात जेलनला आडनाव लागत नाही. जेलन हर्ट्स, अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. त्याचा जन्म इथला, ह्यूस्टनचा, १९९८ चा. तो वाढला चॅनलव्ह्यूमध्ये. आय-टेन महामार्गाने पूर्वेला निघालं की सॅन हसिंटो नदी लागायच्या आधी ते गाव येतं. शिप चॅनलच्या, म्हणजे जहाजांच्या कालव्याच्या, काठच्या प्लांट्समध्ये ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांना तिथली हवा वासावरून ओळखता येईल. माझ्या नवऱ्याने त्या भागात अकरा वर्षं शिफ्ट केली, म्हणून तो मुलगा आम्हाला आपल्या वाटेवरचा वाटायचा. वडील ॲव्हेरिअन हर्ट्स तिथल्या हायस्कूलचे फुटबॉल कोच. मोठा भाऊ वडिलांच्या हाताखाली क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, त्याच्यामागून जेलन.

२०१६ मध्ये तो अलाबामा विद्यापीठात गेला. भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की तिथे कॉलेजच्या मुलांचा सामना बघायला लाखभर माणसं मैदानात येतात आणि क्वार्टरबॅकच्या हातात सगळा डाव असतो. निक सेबन यांच्यासारखा कडक कोच, आणि त्यांनी अठरा वर्षांच्या, कॉलेजात नुकत्याच आलेल्या पोराच्या हाती संघ दिला. त्या कॉलेजात बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. पहिल्याच वर्षी तो अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला. क्लेम्सनविरुद्ध दोन मिनिटं उरली असताना स्वतः ३० यार्ड पळत जाऊन त्याने आघाडी मिळवून दिली, आणि एक सेकंद उरला असताना क्लेम्सनने ती हिसकावली.

पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना. ८ जानेवारी २०१८, अटलांटा, समोर जॉर्जिया. सोमवारची रात्र, दुसऱ्या दिवशी शाळा, माझा मुलगा नऊ वर्षांचा. हाफटाइमला अलाबामा ०-१३ ने मागे. जेलनने आठ पास टाकले होते, पोचले तीन, मिळून २१ यार्ड. मी टीव्ही बंद केला. म्हटलं, हरलेच आहेत, झोपा आता.

सकाळी मुलगा दूध पिता पिता वडिलांच्या फोनवर बघतो तर अलाबामा जिंकलेली. तुआ टागोवायलोआ नावाचा नवा मुलगा दुसऱ्या अर्ध्यात उतरला, बरोबरी केली, आणि जादा वेळात डेव्होन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास टाकून २६-२३ ने सामना काढला. माझ्या मुलाने विचारलं, "पण जेलन कुठे गेला?"

जेलन तिथेच होता, मैदानाच्या कडेला. अख्खा देश बघत असताना त्याला हाफटाइमला उतरवलं होतं, आणि तो आपल्या जागी आलेल्या मुलासाठी टाळ्या वाजवत होता, हसत होता, नंतर मुलाखतीत त्याचं कौतुक करत होता. त्याने सुरू केलेल्या २८ सामन्यांपैकी २६ संघाने जिंकले होते. त्या २६ मध्ये हाही सामना धरतात.

आपल्याला ही जागा ठाऊक आहे, नाही का? गॅदरिंगच्या यादीत नाव नसायचं, कबड्डीत राखीव म्हणून पूर्ण वेळ चुन्याच्या रेषेबाहेर बसायचं, क्रिकेटमध्ये बारावे म्हणून पाणी घेऊन धावायचं. आपण घरी येऊन भाकरी खायचो आणि झोपायचो. बाबांपर्यंत बातमीच जायची नाही. आज आपल्यापर्यंत बातमी सरावाच्या मैदानावरूनच येते, आणि मुलगा गाडीत बसेपर्यंत आपण भांडून मोकळे झालेले असतो. मी तर झालेच होते.

जेलनच्या वडिलांनी मूग गिळून बसणं पसंत केलं, असंही नाही. त्या वसंतात ते पत्रकाराला स्पष्ट म्हणाले होते की मुलाला जागा मिळाली नाही तर कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा 'फ्री एजंट', म्हणजे दुसऱ्या संघात जायला मोकळा खेळाडू, तोच असेल. मी हे नंतर वाचलं आणि मला बरं वाटलं. बापाचं काळीज होतं ते.

पण मला रात्री जागं ठेवतं ते दुसरंच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, हंगामाच्या आधी, जेलन स्वतः बोलला. पत्रकारांपुढे, शांतपणे. सगळा वसंत गेला, माझ्याकडे कुणी आलं नाही, कोचसुद्धा नाही, तुला काय वाटतंय हे कुणी विचारलं नाही, अशा अर्थाचं तो बोलला. विशीला टेकलेला मुलगा. सगळे त्याच्या शांत चेहऱ्याचं कौतुक करत होते, आणि त्या चेहऱ्यामागे हे होतं.

त्या दिवशी गाडीत मी काय केलं? मला काय वाटतं ते मी मुलाला सांगितलं. त्यांना काय कळलं पाहिजे ते सांगितलं. उद्या काय करायचं ते सांगितलं. तुला काय वाटलं, हे तीन शब्द मी बोलले नाही. पथकातही कुणी बोललं नाही. आम्ही मोठी माणसं एकमेकांशी भांडत होतो आणि ज्याचा ताशा, तो मागच्या सीटवर.

जेलन राहिला. तुआ खेळत होता, जेलन बाकावर, मधूनच उतरवला जायचा. त्या वर्षी नवा नियम आला होता, चार सामन्यांपर्यंतच खेळलं तर कॉलेजात खेळायच्या ठरलेल्या वर्षांतलं ते वर्ष खात्यात शिल्लक राहणार होतं. तो पाचव्या सामन्यात उतरला आणि ते वर्ष सोडून दिलं.

मग १ डिसेंबर २०१८. पुन्हा अटलांटा, तेच मैदान, समोर तीच जॉर्जिया. या वेळी मी टीव्ही बंद केला नाही. अलाबामा २१-२८ ने मागे, शेवटचा पाव भाग, आणि तुआचा घोटा दुखावला. जेलन उठला. जेरी ज्यूडीला दहा यार्डांचा पास, बरोबरी. मग एक मिनिट चार सेकंद उरले असताना स्वतः १५ यार्ड पळाला. ३५-२८. माझा मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता, आणि मी, जिला आजही ऑफसाइड नीट कळत नाही, रडत होते. सामन्यानंतर जेलनबद्दल बोलताना सेबन यांचाही गळा दाटून आला होता.

मी हे इतकं लांबण लावून सांगतेय, कारण मला वाटतं आपण मंडळी बाकावर बसायला विसरलो आहोत. एकांकिकेत भूमिका छोटी आली. सूत्रसंचालन दुसऱ्याला दिलं. आभाराच्या वेळी नाव राहिलं. लगेच व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप, पुढच्या वर्षी वेगळा गणपती. याच सभागृहात ज्यांनी एकत्र मोदक वळले, त्यातल्या किती जणी आज इथे नाहीत, ते मागच्या रांगांकडे बघितलं की कळतं. मला दुखवायचं नाही कुणाला. त्या संध्याकाळी मीही नव्या पथकाचं नाव मनात ठरवून टाकलं होतं. पण ज्यांनी निर्णय घेतले त्या आपल्या मंडळींनाही मी सांगेन, बदल करा, जरूर करा, लहान मुलांना पुढे आणा. मागे पाठवलेल्या मुलाशी मात्र त्याच दिवशी बोला.

आणि हेही मला मान्य करायला हवं की जेलन कायमचा थांबला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये, तीन वर्षांतच, त्याने पदवी पूर्ण केली आणि मग तो ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघात गेला. तिथे एका हंगामात ३,८५१ यार्डांचे पास, ३२ टचडाउन पास (टचडाउन म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणं), पळून १,२९८ यार्ड आणि आणखी २० टचडाउन. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीत दुसरा. उपांत्य सामना परत त्याच अटलांटाच्या मैदानात, आणि तिथे एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडून) २८-६३ असा दणकून पराभव. २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ५२ जणांनंतर त्याचं नाव आलं. संघ फिलाडेल्फिया.

तेव्हा जाणं चूक, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आपण सगळे निघून आलेली माणसं आहोत. कुणी डोंबिवलीहून, कुणी सांगलीहून. आपल्यातल्या काहींना तिथे जागा मिळाली नाही म्हणूनच आपण विमानात बसलो. काहींनी तिथलं काम पुरतं करून निरोप घेतला, काही अर्ध्यावर उठले. मी कुठल्या गटातली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. माझी आई असती तर तिने सांगितलं असतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला, न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, झाला. फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवलं आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू जेलन. त्यात त्याचा ४६ यार्डांचा एक टचडाउन पास होता. तो झेलला डेव्होन्टा स्मिथने. ज्याने सात वर्षांपूर्वी तुआचा पास झेलला होता, आणि ज्या झेलासाठी जेलनने कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, तोच. माझ्या मुलाने तेव्हा सोफ्यावर उड्या मारल्या नाहीत. तो फक्त माझ्याकडे बघून हसला. आता तो सतरा वर्षांचा आहे.

मिरवणुकीत तो शेवटच्या रांगेत वाजवत होता. तुमच्यापैकी कुणीतरी काढलेला व्हिडिओ मी खूपदा बघितला. तो ताशा वाजवतोय, घामाने भिजलाय, मान खाली. त्याला मजा येत होती की तो दात दाबून उभा होता, हे त्या व्हिडिओत दिसत नाही. तीन मिनिटं बारा सेकंदांचा आहे. एका क्षणी पुढचा छोटा मुलगा चुकतो आणि मागे वळून बघतो, आणि माझा मुलगा त्याला काडीने ठेका दाखवतो. एवढंच दिसतं.

मी शेवटी मागच्या रविवारी विचारलं. तो गाडी चालवत होता. म्हटलं, त्या दिवशी तुला काय वाटलं होतं रे?

बेल्टवे, म्हणजे शहराभोवतीचा महामार्ग, येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू आत्ता विचारतेस?"

आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं.

"सांगेन कधीतरी," म्हणाला, आणि लेन बदलली.

येत्या ऑगस्टमध्ये तो कॉलेजला जाईल. त्याने केलेल्या अर्जांत टेक्ससमधलं एकही कॉलेज नाही.