रूळ टाकण्याआधी गाडी चालवून पाहताना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यात पोहोचली, तेथील स्थानकाची चालत्या गाड्यांसह छोटी प्रतिकृती घरात उभारायची ठरवली, तर पहिला प्रश्न लांबीचा येतो. १:८७ या एचओ प्रमाणात लोकलचा सुमारे वीस मीटरचा डबा २३ सेंटिमीटरचा होतो आणि बारा डब्यांची गाडी पावणेतीन मीटर भरते. ठाण्यातील फ्लॅटच्या खोलीत ती भिंतीलगत उभी राहील, पण तिला वळायला जागा उरणार नाही. १:१६० या एन प्रमाणात हीच गाडी दीड मीटरवर येते. ठाण्याजवळचा सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिकचा बोगदा मात्र याही प्रमाणात आठ मीटर भरतो, म्हणून तो आखूड करावाच लागतो.

रुळांचा आराखडा आखण्याच्या एक्सट्रॅककॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बाजारात मिळणारे रुळांचे तुकडे आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे) मापासह दिलेले असतात, त्यामुळे आराखडा चटकन जुळतो. परंतु आराखडा जुळला म्हणून स्थानक चालेलच असे नाही, आणि या सॉफ्टवेअरचे खरे मोल आमच्या मते पडद्यावर गाडी चालवून पाहण्याच्या सोयीत आहे.

नवी मुंबईला जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकल ठाण्याला येतात आणि तिथूनच परत निघतात. लोकलच्या दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्याने हे सहज घडते. त्याच फलाटावर इंजिनाची गाडी आणायची असेल, तर इंजिन सोडवून, पुढे काढून, शेजारच्या रुळावरून मागे नेऊन दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. सांध्यापलीकडचा रूळ इंजिनाच्या लांबीहून आखूड असेल, तर इंजिन सांधा पूर्ण ओलांडू शकत नाही आणि भिंत व डबे यांच्यामध्ये अडकून पडते. नुसत्या रेखाटनात हा आखूड तुकडा नजरेत भरत नाही. तेच काम पडद्यावर करून पाहिले, तर चूक लगेच दिसते.

वळसा घेऊन गाडी आपल्याच मार्गावर उलट तोंडाने परतत असेल, तर तेही येथेच कळते. दोन रुळांतून वीज पुरवणाऱ्या मांडणीत अशा वळशाच्या शेवटी डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होते, म्हणून तो भाग विजेच्या दृष्टीने वेगळा ठेवावा लागतो.

गाडी मनाजोगी चालल्यावर आराखडा पूर्ण आकारात छापावा, कागद प्लायवूडवर चिकटवावेत आणि सांधे हलवणाऱ्या मोटारींसाठीची छिद्रे खालच्या लाकडी चौकटीवर येत नाहीत ना, हे रूळ विकत घेण्यापूर्वी तपासून घ्यावे.