वाघ पाठीवर घेणारा हत्ती

मंडळी, विषय जाहीर झालाय तो वाघ-सिंह आणि हत्ती यांच्या एकत्र खेळांचा इतिहास. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. हत्तीच्या पाठीवर वाघ आणि खाली रिंगमास्टर, असं पोस्टर तुम्ही पाहिलंच असेल. टाळ्या वाघाला, नाव रिंगमास्टरचं. हत्तीला काय मिळालं?

वाघाला उडी मारायला शिकवणं कठीणच, पण उडी त्याच्या रक्तातच आहे. हत्तीचं तसं नाही. वाघाच्या नुसत्या वासानं तो बिथरतो. शिकारीला नेलेला हत्ती हौद्यातल्या पाहुण्यांसकट झाडीतून पळत सुटायचा. साहेबांची टोपी फांदीला, साहेब हौद्याच्या काठाला! म्हणून वाघासमोर पाय रोवून उभा राहणाऱ्या हत्तीला संस्थानात मोठा मान असे. सर्कशीत तर त्याच्याकडून याहून अवघड मागणं होतं. वाघ समोर नाही, पाठीवर; हत्तीला तो दिसतसुद्धा नाही. त्यासाठी दोघांना महिनोन्‌महिने जवळजवळ बांधायचं, वास आणि गुरगुर अंगवळणी पाडायची, नखं रुतू नयेत म्हणून पाठीवर जाड कातडी गादी चढवायची. आणि या सगळ्या काळात हत्तीला धीर देणारा माहूत. त्याचं नाव तर कुठल्याच पोस्टरवर नाही. मला ते फार लागतं.

गुंथर गेबेल-विल्यम्स हा जर्मन कलावंत १९६९ पासून अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीत गाजला. त्याच्या खेळात एक हत्ती आशियाई, दुसरा आफ्रिकी, आणि वाघ एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर झेप घ्यायचा. झेप घेताना तो मागच्या पायांनी जोर लावतो आणि पलीकडे सगळं वजन घेऊन आदळतो. दोन्ही वेळा हत्ती हलत नाही. माझ्या मते खरा खेळ तोच.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलाय. तेव्हा जाहीर केलेला इतिहास भराभर सांगतो. माराऐवजी बक्षीस देऊन शिकवायची पद्धत हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकनं रुजवली; १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यानं घोड्यावर बसलेला सिंह दाखवला. शत्रू जनावरं एकत्र आणायची ही वाट तिथून रुंदावली. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत सर्कस उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे १९४० मध्ये रिंगलिंगमध्ये गेले आणि वाघ, सिंह, बिबटे एका पिंजऱ्यात खेळवू लागले. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान हवं.

शेवटचं. केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या यादीत हत्ती नव्हता. पाठीवरचा वाघ सुटला, पण हत्ती पुढे कित्येक वर्षं रिंगणात स्टुलावर उभा राहत होता. अमेरिकेत क्रम उलटा: रिंगलिंगनं २०१६ मध्ये आधी हत्ती निवृत्त केले, वाघ २०१७ च्या शेवटच्या खेळापर्यंत राहिले.