डॉक्टरांनी सोडलं, मग खेळत का नाही?

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत विषय छापलाय ‘गुडघ्याची दुखापत आणि खेळाडूचं पुनरागमन’. गुडघ्याचं शास्त्र सांगणारच आहे, पण त्याआधी मला एका माणसाच्या एका वर्षाबद्दल बोलायचंय. त्या वर्षात तो एकही सामना खेळला नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना मी ही गोष्ट एकेकट्याला सांगत आलेय. आज एवढी माणसं एकत्र भेटलीत, तर सगळ्यांना एकदमच सांगते.

डेरिक रोझ. शिकागोच्या एंगलवूड भागात वाढलेला, चार भावांतला धाकटा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, नव्या खेळाडूंपैकी कुणी कुणाला घ्यायचं याचा क्रम लावताना पहिला नंबर सोडतीनं ठरतो. २००८ साली शिकागो बुल्सना पहिला नंबर मिळण्याची शक्यता होती १.७ टक्के. तो लागला, आणि शिकागोचाच पोरगा शिकागोच्या संघात आला. पहिल्या वर्षी सर्वोत्तम नवोदित. २०११ मध्ये, बाविसाव्या वर्षी, लीगचा सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी. इतक्या लहान वयात हा मान आजवर कुणालाच मिळालेला नाही. त्या मोसमात बुल्सनं ८२ पैकी ६२ सामने जिंकले. मायकेल जॉर्डन १९९८ मध्ये बुल्सकडून शेवटचं खेळल्यापासून ते शहर अशा कुणाची तरी वाट पाहत होतं.

त्याचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल. पूर्ण वेगात आत शिरायचं, एकदम दोन्ही पायांवर थांबायचं, आणि बचाव करणारा अजून सरकत असतानाच उसळी मारायची. हवेत असतानाही दिशा बदलायची. मी फिजिओच्या नजरेनं पाहते तेव्हा मला त्यात चेंडू दिसत नाही, गुडघा दिसतो. एवढा वेग, एवढा ब्रेक, वर पीळ, आणि तो सगळा भार एका सांध्यावर.

२८ एप्रिल २०१२. प्ले-ऑफचा, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचा, पहिला सामना, समोर फिलाडेल्फिया. बुल्स बारा गुणांनी पुढे, शेवटचं सव्वा मिनिट उरलेलं. रोझचे २३ गुण, ९ रिबाउंड, ९ असिस्ट. तो आत शिरला, थांबला, उसळला आणि खाली बसला. कुणी धक्का दिला नाही, कुणाचा पाय लागला नाही. डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांधा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, तुटलं होतं. सामना बुल्सनी जिंकला, पण ती मालिका पहिल्या क्रमांकाचा संघ आठव्या क्रमांकाच्या संघाशी हरला. बारा गुणांची आघाडी असताना त्याला मैदानावर ठेवलाच का, यावर प्रशिक्षक टॉम थिबोडो यांना किती बोलणी बसली असतील ते तुम्हीच ओळखा. मला त्या वादात पडायचं नाही. मला पुढच्या वर्षाबद्दल बोलायचंय.

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. आठ ते बारा महिने लागतील असं सांगण्यात आलं. आणि इथून पुढे सगळे ‘आठ’ ऐकत राहिले, ‘बारा’ कुणी ऐकलंच नाही.

आपल्याकडेही असंच असतं. घरात कुणाचं ऑपरेशन झालं की भेटायला येणारा प्रत्येक जण डॉक्टर होऊन येतो. एक आंबेहळद सुचवतो, दुसरा सांगतो आमच्या मेव्हण्याचंही हेच झालं होतं, तो तिसऱ्या आठवड्यात स्कूटर चालवायला लागला. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना असा मेव्हणा आहे? हात वर करा. पाहा! आता कल्पना करा की असे मेव्हणे एका अख्ख्या शहरात आहेत, आणि त्यांच्याकडे वर्तमानपत्रं आणि टीव्हीही आहे.

रोझच्या बाबतीत तो मेव्हणा खरोखरच होता. न्यूयॉर्क निक्सच्या इमान शम्पर्टचं एसीएल त्याच दिवशी, २८ एप्रिललाच तुटलं होतं. तो १७ जानेवारी २०१३ ला मैदानावर परतला. अमेरिकन फुटबॉलमधला एड्रियन पीटरसन २०११ च्या नाताळच्या आदल्या दिवशी जखमी झाला, पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात उतरला आणि त्या मोसमात चेंडू घेऊन २,०९७ यार्ड धावला. झालं! शम्पर्ट आला, पीटरसन आला, मग रोझ का येत नाही? पीटरसनचा खेळ वेगळा, शरीर वेगळं, जखम वेगळी. शम्पर्टवर कुणाचा अख्खा संघ उभा नव्हता. पण तुलना करायला एवढं कुठे लागतं?

त्यात भर बूट कंपनीची. आदिदासनं त्याच्याशी मोठा करार केला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याच्या नव्या बुटांचा कार्यक्रम झाला, आणि तिथे बोलताबोलता तो रडला. लाजरा, मितभाषी मुलगा, चारचौघांत कॅमेऱ्यासमोर रडला. त्याच काळात कंपनीनं त्याच्या व्यायामाच्या चित्रफितींची मालिका काढली, नावच ‘द रिटर्न’, म्हणजे पुनरागमन. विचार करा, अजून वाकवला की दुखतोय असा गुडघा, आणि तुमच्या परत येण्याची जाहिरात आधीच सुरू. लोकांनी ती पाहिली आणि दिवस मोजायला लागले. त्याच मोसमापासून त्याचा नवा करार लागू झाला होता, पहिल्या वर्षाचे सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलर. मग ‘बसून पगार खातोय’ हेही आलंच.

बसून! मंडळी, या एका शब्दाचा मला खरोखर राग येतो. एसीएलनंतरचा मोसम खेळण्याच्या मोसमापेक्षा जास्त कष्टाचा असतो. सकाळी उठून आधी गुडघा पूर्ण सरळ होतोय का ते पाहायचं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. मांडीचा पुढचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांदेखत वाळतो, आणि मेंदूकडून त्याला हुकूमही नीट पोचत नाही. जगातला सर्वांत चपळ माणूस आणि त्याला स्वतःची मांडी आवळता येत नाही! तो माझ्यासमोर टेबलावर बसलेला असतो आणि घामाघूम होतो. त्यात टाळ्या नाहीत, गुण नाहीत. संघ विमानानं परगावी जातो, हा मागे राहतो. रोझला त्या ऑक्टोबरात मुलगा झाला, आणि त्या वर्षात त्याला बापपणासाठी वेळ मिळाला. मला वाटतं त्या मोसमात त्याच्या पदरात पडलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

फेब्रुवारीत तो पाच-पाचच्या पूर्ण सरावात उतरला. मार्चमध्ये बातमी आली: डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिलीय. आणि खरा छळ इथून सुरू झाला. सामन्याआधी तो सराव करताना लोक पाहत, हा उड्या मारतोय, बास्केटमध्ये चेंडू कोंबतोय. आणि सामना सुरू झाला की तो सूट घालून बेंचच्या टोकाला. त्याच्या बाजूनं कारण सांगितलं जात होतं की सामन्याच्या धावपळीत डाव्या पायावरून उडी घेऊन निर्धास्तपणे डंक मारता, म्हणजे चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबता येईपर्यंत तो उतरणार नाही. लोक हसले. मला यात हसण्यासारखं काही सापडत नाही. ज्या पायावर, ज्या हालचालीत गुडघा तुटला तीच हालचाल विचार न करता करता येणं, यापेक्षा प्रामाणिक कसोटी कोणती? टेबलावर गुडघा तपासणाऱ्याला ही कसोटी घेताच येत नाही.

आणि संघानं तरी काय केलं पाहा! रोझशिवाय ४५ सामने जिंकले. मायामीची सलग २७ विजयांची घोडदौड याच संघानं मार्चमध्ये थांबवली. प्ले-ऑफमध्ये ब्रुकलिनविरुद्ध चौथा सामना तीन जादा डावांत गेला, बुल्सच्या नेट रॉबिन्सननं ३४ गुण केले. सातव्या सामन्यात लुओल डेंग आजारी, कर्क हाइनरिक पोटरी धरून बाहेर. ज्वाकिम नोआ टाचेच्या दुखण्यानं हैराण, तळपाय टेकवत नव्हता, तरी त्यानं २४ गुण, १४ रिबाउंड, ६ ब्लॉक केले आणि परक्या मैदानावर मालिका जिंकून दिली. किती सुंदर सामना! पण याच शौर्याचा उपयोग लोकांनी रोझला झोडपायला केला. नोआ लंगडत खेळतो, हा धडधाकट सुटात बसतो. स्वतः नोआ मात्र जाहीरपणे रोझच्या बाजूनं उभा राहिला. दुखणं अंगावर काढणाऱ्यालाच दुसऱ्याच्या दुखण्याचा मान ठेवता येतो, असं मी माझ्या कामात नेहमी पाहते. ओरडणारे बहुतेक गॅलरीतले असतात.

माझी एक मुलगी होती. पेशंट म्हणायचं नाही मला तिला. जिल्ह्याची खेळाडू, वय सोळा, एसीएलची शस्त्रक्रिया झालेली. सहाव्या महिन्यात संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यांनी घरी फोन केला: निवड चाचणी आहे, फिट सर्टिफिकेट असेल तर या, नाहीतर पुढच्या वर्षी नावाचा विचार होणार नाही. खेळाडू कोट्यातले गुण, पुढचा कॉलेजप्रवेश, सगळं त्या एका कागदावर. सर्टिफिकेट मिळालं. मी तिच्या वडिलांना म्हटलं, दादा, ती अजून एका पायावर नीट लंगडी घालू शकत नाही. ते म्हणाले, ताई, डॉक्टरांनी सोडलंय ना? ती चाचणीला गेली, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला गुडघा घेऊन माझ्याकडे आली. नवं लिगामेंट गेलं होतं. वडिलांना मी दोष देत नाही; त्यांच्यासमोर ठेवलेला पर्यायच तसा होता. पण ज्यांनी तो पर्याय ठेवला त्यांनी नंतर एकदाही चौकशी केली नाही. मी रोझची गोष्ट सांगत सुटते ती या मुलीमुळे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि पत्रिकेतलं शास्त्र अजून बाकी आहे. भरभर सांगते.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला आडवा-तिरपा पट्टा. नडगीचं हाड पुढे घसरू नये आणि गुडघा पिळवटू नये हे त्याचं काम. तुटला की बहुतेक वेळा शिवून भागत नाही. रुग्णाच्याच वाटीखालचा किंवा मांडीमागचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, काढून तिथे बसवतात. आता नीट ऐका. बसवलेला कंडरा पहिल्या काही महिन्यांत मजबूत होत नाही, उलट कमजोर होतो. भाताचं रोप उपटून खाचरात लावलं की आधी पिवळं पडतं, मान टाकतं, आणि मुळं धरली की मग वर येतं, तसंच. गंमत अशी की याच काळात दुखणं कमी झालेलं असतं. म्हणजे खेळाडूला बरं वाटायला लागतं तेव्हा आतलं लिगामेंट अजून कच्चंच असतं. दुखत नाही म्हणजे तयार आहे, हे या दुखापतीत साफ खोटं.

२०१६ मध्ये ब्रिटिश क्रीडावैद्यक नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी झालेलं त्यात दिसलं. शिवाय दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजायच्या, आणि जखमी पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे. यासाठी महागडं यंत्रच लागतं असं नाही. उड्यांसाठी मोजपट्टी पुरते.

आता तुम्ही विचाराल, रोझ थांबला, त्याचं काय झालं? प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो परतला, आणि २२ नोव्हेंबरला पोर्टलंडमध्ये त्याचा उजवा गुडघा गेला. उजवा, आणि तुटला तो मेनिस्कस, म्हणजे गादी. पुन्हा मोसम संपला. पुढेही शस्त्रक्रिया झाल्या, २०१७ मध्ये डाव्या गुडघ्याच्या गादीचीही. तो पुन्हा एमव्हीपी झाला नाही. थांबण्यानं सगळं परत मिळतं असं मी कुणालाही सांगत नाही. पण ज्या लिगामेंटसाठी तो थांबला, ते पुन्हा तुटलं नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ ला, तिशीत, मिनेसोटाकडून त्यानं युटाविरुद्ध ५० गुण केले आणि शेवटचा फटका अडवून सामनाही वाचवला. निवृत्त झाला तो २०२४ मध्ये.

न थांबणाऱ्याचंही उदाहरण देते. ग्रँट हिल, एनबीएतलाच. २००० साली दुखऱ्या घोट्यानं प्ले-ऑफ खेळला, घोटा मोडला. पुढच्या चार मोसमांत त्याचे सामने: ४, १४, २९ आणि ०. मधल्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गानं तो मरणाच्या दारात जाऊन आला. आधी लोक काय म्हणत होते? अंगचोर आहे.

शेवटचे दोन मुद्दे, आणि ते इथे बसलेल्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि संघटनेच्या मंडळींसाठी आहेत. एक, फिट सर्टिफिकेटच्या कागदावर सही एकट्या डॉक्टरची नको. फिजिओनं केलेल्या चाचणीचे आकडे हवेत, आणि खेळाडूनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं हवं की मी तयार आहे. त्यानं ‘नाही’ लिहिलं तर त्याला कारण विचारायचं नाही. दोन, दुखापतीमुळे निवड चाचणी चुकलेल्या मुलाला पुढच्या वर्षी थेट चाचणीला बोलवायचं, हे लेखी नियमात घाला. याला पैसे लागत नाहीत, बैठकीत एक ठराव लागतो.

अनवाणी धावावं की नाही, नी-कॅपचा उपयोग किती, हे राहिलं. ते प्रश्नोत्तरांत विचारा. आणि ज्यांच्या घरी आत्ता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं मूल आहे, त्यांनी आधी पुढे या. बाकीचे थांबतील.