चित्र सुंदर, पण खेळ?

नमस्कार श्रोतेहो. आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायचंय. नाव 'ड्रॅगन्स लेअर', साल 1983, देश अमेरिका. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या बाकीच्या यंत्रांवर तेव्हा चौकोनी ठिपक्यांची माणसं पळत होती, आणि या एका यंत्रावर चक्क कार्टूनपट! हातानं काढलेला, हातानं रंगवलेला. डर्क नावाचा योद्धा, डॅफनी नावाची राजकन्या, सिंज नावाचा ड्रॅगन. बघ्यांची अशी गर्दी व्हायची की काही पार्लरवाल्यांनी यंत्राच्या वर दुसरा पडदा बसवला, मागच्यांना दिसावं म्हणून.

ही चित्रं आली कुठून, ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. डॉन ब्लूथ हे डिस्नीत ॲनिमेटर होते. त्यांना वाटायचं, जुन्या जाणत्या लोकांची कारागिरी इथं विसरली जातेय. मग दिवसा नोकरी, आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरच्या गॅरेजमध्ये काम. सोबत गॅरी गोल्डमन आणि जॉन पोमेरॉय. एका मांजराच्या पिल्लाची छोटी फिल्म ही मंडळी तिथं करत बसायची. कुणाची मागणी नव्हती. जुनी कला आपल्या हातात यावी, एवढ्यासाठी! 1979 च्या सप्टेंबरात त्यांनी राजीनामे दिले, पाठोपाठ आणखी सहकारी बाहेर पडले. स्वतःचा स्टुडिओ निघाला. 1982 मध्ये पहिला मोठा चित्रपट आला. कौतुक झालं, पैसा बेताचाच मिळाला. तो चित्रपट पाहून रिक डायर नावाचे गेम बनवणारे गृहस्थ त्यांच्याकडे आले. या डायरनी आधी हिशेबाच्या यंत्रातला कागदी रोल वापरून गोष्ट सांगणारं यंत्र बनवलं होतं! दोन्हीकडे वेडच, चांगल्या अर्थानं वेड. त्यातून सुमारे 22 मिनिटांचं ॲनिमेशन तयार झालं. आवाजासाठी व्यावसायिक नट घ्यायला पैसे नव्हते. मग स्टुडिओतलेच लोक माइकसमोर उभे राहिले. डॅफनीचा आवाज वेरा लँफर यांचा. त्यांचं खरं काम क्लीनअपचं, म्हणजे कच्च्या रेघांवरून स्वच्छ रेघ काढायचं. डर्कच्या किंकाळ्या संकलक डॅन मोलिना यांच्या.

म्हणून मी नेहमी सांगतो, चित्रपट संपल्यावर नावं येतात ती वाचा. टीव्हीवाले ती मधेच कापतात, ते मला अजिबात पटत नाही. माणसांची कामं असतात ती.

तर चित्र सुंदर. पण खेळ? चित्रं लेझरडिस्कवर, म्हणजे व्हिडिओ साठवणाऱ्या तबकडीवर, आधीच उमटलेली, त्यामुळे डर्कला आपण चालवू शकत नाही. ठरलेल्या क्षणी ठरलेल्या दिशेला दांडा ओढायचा किंवा तलवारीचं बटण दाबायचं. चुकलं, जरा उशीर झाला, की डर्क मेला. पुन्हा सांगतो, दिशा ठरलेली, क्षण ठरलेला. कधी एखादी वस्तू चमकून खूण करते, कधी तीही नाही. घोकून पाठ करावं, तर खोल्यांचा, म्हणजे प्रसंगांचा, क्रम बदलतो. काही प्रसंग तर आरशातल्यासारखे उलटे येतात, म्हणजे पाठ केलेलं डावं आता उजवं! तबकडीवर पुढचा प्रसंग शोधेपर्यंत पडदा क्षणभर काळा. आणि एका खेळाचे 50 सेंट, शेजारच्या यंत्रांवर 25 असताना. चित्र सुंदर, पण खेळणाऱ्याच्या हाताला त्यात जागाच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ज्यांनी ते काढलं त्यांनी डर्कचं मरणही तितक्याच मायेनं काढलंय, आणि नवख्याला बहुतेक वेळ तेच बघावं लागायचं.

घरी खेळायच्या नव्या आवृत्त्यांत कुठं वळायचं ते पडद्यावर दाखवायची सोय आहे. पण मग नजर त्या खुणेवरच राहते. डीव्हीडीवर नुसतं बघायचीही सोय होती. मिळाली तर आधी तेच लावा, हात मोकळे ठेवून सगळं बघा. खेळायचं ते नंतर. नमस्कार.